जंगलाच्या मातीचा वाफसा आणि हवेतला मिथेन

पानझड (धागालेखक)

गेली ६ वर्षे माझे वास्तव्य जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, फ्रायबुर्गजवळ आहे. तेथील बीच वृक्षांच्या एका जंगलात दोन हंगाम मी मातीतल्या वायूंच्या मोजणीसाठी मदतनीस म्हणून जात होतो. काम साधे होते. पालापाचोळा न विस्कटता जमिनीत रोवलेल्या प्लास्टिकच्या कड्यावर हवाबंद झाकण बसवायचे, झाकणाच्या रबरी बुचातून दर १० मिनिटांनी सुईने थोडी हवा ओढून काचेच्या कुपीत भरायची आणि कुपीवर वेळ लिहायची. प्रयोगशाळेत कुप्या तपासल्या की दोन रेषा मिळत. कार्बन डायऑक्साइडची रेषा वर चढत जाई, कारण मुळे आणि मातीतले जीव श्वास सोडत असतात. मिथेनची रेषा मात्र खाली उतरत जाई. कोरड्या उन्हाळी दिवशी अर्ध्या तासात झाकणाखालच्या मिथेनचा जवळजवळ पाचवा हिस्सा नाहीसा झालेला मी पाहिला आहे. तो मातीत गेलेला असतो आणि मातीत संपलेला असतो.

मिथेन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दलदल, गोठा, भातखाचर किंवा कचरा डेपो येतो. ते योग्यच आहे, कारण जिथे प्राणवायू पोहोचत नाही तिथे सेंद्रिय पदार्थ कुजताना मिथेन तयार होतो. पण हवेशीर जमीन नेमके उलटे काम करते आणि त्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडा हिशेब मांडतो. आज हवेतल्या दर अब्ज रेणूंमागे मिथेनचे १,९०० हून थोडे अधिक रेणू आहेत. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते ७०० च्या आसपास होते. वजनास वजन धरले तर १०० वर्षांच्या मुदतीत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो आणि २० वर्षांच्या मुदतीत सुमारे ८० पट. तो हवेत सरासरी ९ वर्षे टिकतो. बहुतेक मिथेन हवेतल्या हवेतच हायड्रॉक्सिल मूलकांशी (हायड्रोजन आणि प्राणवायू यांच्या एकेका अणूच्या अतिशय क्रियाशील जोडीशी) होणाऱ्या अभिक्रियेत नष्ट होतो. मातीचा वाटा वर्षाला सुमारे ३ कोटी टन, म्हणजे एकूण नाशाच्या साधारण ५ टक्के आहे. ५ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, परंतु अलीकडच्या वर्षांत येणारा मिथेन आणि नष्ट होणारा मिथेन यांतली जी तफावत हवेत साठत गेली, तीही वर्षाला २ ते ४ कोटी टनांच्या घरातच आहे. मातीचा हा वाटा कमी झाला असता तर ती तफावत किती वाढली असती, हे यावरून कळते.

जमिनीच्या सर्व प्रकारांत हे काम सर्वांत चांगले करते ती जंगलाची माती. नांगर फिरलेला नसतो, मुळांनी आणि किड्यांनी तिच्यात वाटा पाडलेल्या असतात, पानांचा थर पावसाचा मारा झेलतो, त्यामुळे ती भुसभुशीत राहते. हवा आत शिरते आणि हवेबरोबर मिथेनही शिरतो. आम्ही जमिनीत वेगवेगळ्या खोलीवर पुरलेल्या बारीक नळ्यांमधूनही हवा काढत असू. पृष्ठभागावर १,९०० असलेले प्रमाण हातभर खाली गेल्यावर काही शेकड्यांवर आलेले असायचे. मिथेन खाणारे जीवाणू बहुधा पानांच्या थराखालच्या खनिज मातीत, वरच्या वीतभर भागात दाटीने राहतात.

२०२५ मध्ये गॉटिंगेन विद्यापीठ आणि बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याची वनसंशोधन संस्था यांच्या संशोधकांनी या राज्यातल्या १३ जंगलखंडांमधील, काही ठिकाणी २४ वर्षांपर्यंतच्या, अशाच नळ्यांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. सरासरीने या मातीचे मिथेनशोषण वर्षाला ३ टक्क्यांनी वाढत गेल्याचे त्यांना आढळले. पाऊस कमी होत गेला, माती कोरडी पडत गेली, तिच्यातल्या पोकळ्या पाण्याने कमी आणि हवेने जास्त भरू लागल्या, शिवाय ऊबही वाढली, अशी त्याची संगती त्यांनी लावली आहे. हे वाचल्यापासून मनात जे विचार आहेत ते आपणा सर्वांसमोर तपासून घ्यावेत असे वाटते.

रेणू

धागा आवडला. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मिथेन हा अत्यंत निष्क्रिय, सहजासहजी अभिक्रिया न करणारा रेणू आहे. मधोमध कार्बन, चार कोपऱ्यांना चार हायड्रोजन, सगळीकडून सारखा. कुठे धरावे असे टोकच नाही. कार्बन आणि हायड्रोजन यांच्यातला त्याचा बंध तोडण्यासाठी कारखान्यात शेकडो अंश तापमान आणि उत्प्रेरक लागतात. हे जीवाणू तेच काम थंड, ओल्या मातीत करतात. त्यांच्याकडे मिथेन मोनोऑक्सिजनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते आणि त्याच्या बहुतेक प्रकारांत तांबे असते. हे विकर प्राणवायूच्या रेणूतला एक अणू मिथेनमध्ये बसवते आणि मिथेनॉल तयार होते. पुढे त्याचे फॉर्माल्डिहाइड, मग फॉर्मिक आम्ल आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड होतो. फॉर्माल्डिहाइडचा काही भाग जीवाणू स्वतःचे शरीर बांधण्यासाठी वापरतात.

शेवटी कार्बन डायऑक्साइडच तयार होत असेल तर फायदा काय, असे माझे विद्यार्थी हमखास विचारतात. हा मिथेन हवेत राहिला असता तरी काही वर्षांनी त्याचा कार्बन डायऑक्साइडच झाला असता. माती त्याला मधली वर्षे मिथेन म्हणून हवा तापवू देत नाही, हा तिचा उपकार.

भातखाचर

मी रायगड जिल्ह्यात भातशेती करतो आणि कृषी पदविकेनंतर काही वर्षे शेतीशाळेत शिकवलेही आहे. तुम्ही मातीच्या ज्या अवस्थेविषयी लिहिले आहे तिला आपल्याकडे नेमका शब्द आहे, तो म्हणजे वाफसा. पाऊस उघडल्यावर दोन-चार दिवसांनी मूठभर माती घेऊन दाबली तर तिचा गोळा व्हावा, पण बोटाने टोचताच तो फुटावा. हाताला ओल लागावी, पण चिखल लागू नये. पोकळ्यांमध्ये पाणीही असते आणि हवाही. मुळांना आणि जीवाणूंना हीच अवस्था मानवते. तुमचे मिथेन खाणारे जीवाणूही वाफशावरच चालत असणार.

माझ्या खाचराच्या बांधाला लागूनच चढावर रान आहे. चिखलणी केल्यापासून निसवणीपर्यंत, म्हणजे लोंब्या बाहेर पडेपर्यंत, खाचरात पाणी उभे असते. म्हणजे एकाच बांधाच्या अलीकडे मिथेन तयार होतो आणि पलीकडे तो खाल्ला जातो, असे समजायचे का? आणि तसे असेल तर पलीकडचे रान अलीकडच्या खाचराची भरपाई करते का?

पानझड

वाफसा हा शब्द मला इतके दिवस का सुचला नाही याचेच आश्चर्य वाटते. यापुढे मी तोच वापरीन, धाग्याच्या शीर्षकातही आता तोच घातला आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, मात्र भर पावसाळ्यात रानातल्या मातीतही पाणी मुरलेले असते, त्यामुळे त्या महिन्यांत तिची भूक मंदावते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. एक हेक्टर चांगले जंगल वर्षाला साधारण ३ ते ६ किलो मिथेन शोषते. सतत पाणी उभे असलेल्या एक हेक्टर भातातून एका हंगामात शंभर किलोहून अधिक मिथेन निघू शकतो. त्यामुळे भाताचा प्रश्न भातातच सोडवावा लागेल, म्हणजे हंगामात मधूनमधून पाणी काढून खाचर वाफशावर आणण्याची जी पद्धत सांगितली जाते तिच्याकडे वळावे लागेल. तिथेही तत्त्व तेच आहे. माती काही दिवस श्वास घेते आणि मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव थबकतात.

सूक्ष्मदर्शी

पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात काम करत असल्याने या धाग्यात थोडी भर घालतो. मिथेनवर जगणारा जीवाणू पहिल्यांदा वेगळा करून दाखवला तो डच शास्त्रज्ञ झ्योनगेन यांनी, १९०६ मध्ये. त्यानंतर असे अनेक जीवाणू सापडले, परंतु त्यांतले बहुतेक भरपूर मिथेन असलेल्या जागीच वाढत. हवेतल्या १,९०० अब्जांशांवर त्यांचा निभाव लागत नसे. पंगतीला बसून जेवणारे आणि अंगणात दाणे टिपणारे यांत जितका फरक, तितका हा फरक आहे. दलदलीत, खाचराच्या मुळांपाशी किंवा कचरा डेपोच्या मातीत पंगत असते. जंगलाच्या मातीतल्या जीवाणूंना मात्र हवेतून विसरणाने (दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरत) जे दाणे आत येतील तेवढ्यावरच भागवावे लागते.

हे दाणे टिपणारे जीवाणू दीर्घकाळ कुणाच्या हाती लागले नाहीत. मातीतून काढलेल्या जनुकीय द्रव्यात मिथेन मोनोऑक्सिजनेजचे एक अनोळखी जनुक पुन्हा पुन्हा दिसे आणि ज्यांचे ते जनुक आहे त्या गटाला 'अपलँड सॉइल क्लस्टर अल्फा' असे कामचलाऊ नाव दिले गेले. जीव हाती नाही, केवळ त्याची सही हाती आहे, अशी ती स्थिती होती. २०१९ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉम्सो येथील संशोधकांनी या गटाच्या निकटचा मिथायलोकॅप्सा गोरगोना हा जीवाणू शुद्ध स्वरूपात वाढवून दाखवला. तो मिळाला उत्तर नॉर्वेतल्या एका बंद झालेल्या कचरा डेपोवर टाकलेल्या मातीतून. त्याला साध्या हवेवर वाढवले तरी तो वाढतो. मिथेनशिवाय हवेतला हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतूनही ऊर्जा घेण्याची आणि नत्र स्थिर करण्याची सोय त्याच्याकडे आहे. इतक्या काटकसरीने जगणाऱ्या जीवाची वाढ अतिशय संथ असते, आणि या चर्चेच्या दृष्टीने मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. त्याची वस्ती एकदा मोडली की ती पुन्हा वसायला फार काळ लागतो.

भातखाचर यांच्यासाठी एक आनंदाची नोंद. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पश्चिम भारतातल्या भातखाचरांमधून मिथेनभक्षी जीवाणू वेगळे केले गेले आहेत आणि त्यांतल्या एकाचा आकार काकडीसारखा असल्याने त्याचे नाव मिथायलोक्युक्युमिस ओरायझी असे ठेवले आहे. हा पंगतीतला जीवाणू आहे. तुमच्या खाचरात मुळांपाशी तयार होणाऱ्या मिथेनपैकी बराचसा असे जीवाणू तिथल्या तिथेच फस्त करतात, नाहीतर हवेत जाणारा मिथेन आणखी जास्त असता.

पोटोमॅककाठ

धागालेखकांनी जर्मनीतली वाढ सांगितली, पण मी राहतो त्या मेरिलंडमध्ये नेमके उलटे दिसले आहे आणि ते इथे मांडले नाही तर चित्र अपुरे राहील. बाल्टिमोर शहरातली आणि शहराबाहेरची जंगले, तसेच न्यू हॅम्पशरमधले हबर्ड ब्रूक हे जंगल, या ठिकाणी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१० च्या दशकाच्या मध्यापर्यंत झाकणे बसवून सातत्याने मोजणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बाल्टिमोरच्या शहरी जंगलात शोषण ६२ टक्क्यांनी, ग्रामीण जंगलात ५३ टक्क्यांनी घटले. हबर्ड ब्रूकमध्ये घट ७४ ते ८९ टक्के इतकी होती. त्याच संशोधकांनी जगभरातल्या प्रसिद्ध मोजण्या एकत्र केल्या, तेव्हा १९८८ ते २०१५ या काळात जंगलमातीचे शोषण सरासरी ७७ टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

मला यातली एक गोष्ट फार अस्वस्थ करते. त्या काळात हवेतला मिथेन वाढला होता, तापमान वाढले होते आणि पावसाबरोबर येणारे नत्र घटले होते. या तिन्ही गोष्टींनी शोषण वाढायला हवे होते. तरीही ते घटले. मग आपण कोणत्या जंगलावर विश्वास ठेवायचा?

पानझड

हाच प्रश्न यावा अशी माझी इच्छा होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही निष्कर्षांवर विश्वास ठेवायचा, कारण दोन्हींमागचे कारण एकच आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागात त्या काळात पाऊस वाढला आणि मातीतून वाहणारे पाणी वाढले. त्या संशोधकांनी घटीचा संबंध याच गोष्टीशी जोडला आहे. बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये पाऊस कमी झाला. एका ठिकाणची माती वाफशाकडून चिखलाकडे सरकली, दुसऱ्या ठिकाणची ओलीकडून वाफशाकडे सरकली.

पाण्याला इतके महत्त्व का, हे समजून घेण्यासाठी मिथेनच्या प्रवासाकडे पाहावे लागते. मिथेनचा रेणू हवेने भरलेल्या पोकळीतून ज्या सहजतेने सरकतो, त्याच्या सुमारे दहा हजारांश वेगाने तो पाण्यातून सरकतो. त्यामुळे मातीच्या वरच्या थरातल्या बारीक वाटा पाण्याने बुजल्या की खाली बसलेला जीवाणू उपाशी राहतो. हवेत मिथेन कितीही असला तरी तो त्याच्या दारापर्यंत पोहोचत नाही. तापमानाचा परिणामही याच कारणाने बेताचा असतो. ऊब वाढली की जीवाणूची भूक वाढते, पण ताटात येणारा घास विसरणाच्या वेगानेच येतो.

याची पडताळणी मुद्दामहून केली गेली आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये झाडांखाली छत उभारून उन्हाळ्यातले पावसाचे पाणी अडवले, तेव्हा त्या मातीचे मिथेनशोषण वाढले. तुमच्या शेजारच्या व्हर्जिनियातले उदाहरण तर याहून जुने आहे. ग्रेट डिस्मल स्वँप ही दलदल पाणी असताना मिथेन सोडते, पण दुष्काळात तिची पातळी खाली गेली तेव्हा तीच जमीन हवेतून मिथेन ओढून घेऊ लागली, हे १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. दलदल आणि जंगल यांच्यात भिंत नाही, पाण्याची पातळी आहे.

तरीही कोरडेपणा वाढेल तितके चांगले, असा अर्थ कुणी काढू नये. माती फारच सुकली तर जीवाणूला जगण्यापुरतीही ओल मिळत नाही आणि शोषण पुन्हा घटते. शिवाय ज्या उन्हाळ्यांनी आमच्याकडची माती कोरडी केली, त्याच उन्हाळ्यांनी इथले स्प्रूस हे सूचिपर्णी वृक्ष मोठ्या संख्येने मारले. २०१८ नंतर आमच्याकडच्या ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ जंगलाच्या उतारांवर करड्या पडलेल्या झाडांचे पट्टे मी स्वतः पाहिले आहेत. मातीच्या नोंदवहीत ती वर्षे चांगली दिसतात आणि झाडांच्या नोंदवहीत तीच वर्षे वाईट दिसतात. वर्षाला ३ टक्के हा आकडा मी आनंदाने सांगितला असे वाटले असेल तर ते माझ्या लेखनातले न्यून समजावे.

चौकस_वाचक

आकडे मोठे असले की समजेनासे होते. एका गाईचा मिथेन फिटवायला किती जंगल लागेल, असे कुणी सांगू शकेल का? आणि ज्या कंपन्या झाडे लावून हवामानाची भरपाई केल्याचे सांगतात, त्यांना मातीच्या मिथेनशोषणाचेही श्रेय (कार्बन क्रेडिट) मागता येईल का?

पानझड

युरोपातली दुभती गाय वर्षाला १०० किलोहून अधिक मिथेन सोडते. हेक्टरी ५ किलो शोषण धरले तर एका गाईमागे २० हेक्टरांपेक्षा जास्त जंगल लागते. संपूर्ण जर्मनीत सुमारे १ कोटी १४ लाख हेक्टर जंगल आहे. त्याच दराने त्या सर्वाचे मिळून ५७ हजार टन होतात, म्हणजे ५ ते ६ लाख गाईंचा मिथेन. देशात दुभत्या गाईच ३५ लाखांहून अधिक आहेत.

दुसऱ्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. ५ किलो मिथेन म्हणजे २८ च्या पटीने १४० किलो कार्बन डायऑक्साइड. वाढते जंगल त्याच एक हेक्टरात वर्षाला काही टन कार्बन डायऑक्साइड लाकडात साठवते. त्या तुलनेत मातीचे मिथेनशोषण हा लहानसा वाटा आहे, त्यामुळे त्याच्या नावावर श्रेय विकणे मला पटत नाही. त्यातही नवीन लावलेल्या झाडांखालची माती हे काम लगेच करू लागत नाही. नांगरलेल्या जमिनीचे मिथेनशोषण जंगलाच्या तुलनेत फार कमी असते आणि अशी जमीन पुन्हा जंगलाखाली आली तरी जुन्या जंगलाइतके शोषण परत यायला १०० वर्षांहून अधिक काळ लागल्याचे उत्तर युरोपातल्या मोजण्यांतून दिसले आहे. सूक्ष्मदर्शी यांनी संथ वाढीविषयी जे लिहिले, त्याच्याशी हे जुळते. म्हणून नवी लागवड मोजण्याआधी जुनी, न नांगरलेली जंगलमाती जशी आहे तशी राहू देणे मला अधिक मोलाचे वाटते.

रेणू

नत्राचा उल्लेख वर ओझरता आला, त्याचे रासायनिक कारण सांगते. अमोनिया आणि मिथेन यांचे रेणू आकाराने जवळजवळ सारखे आहेत. मिथेन मोनोऑक्सिजनेज या विकराला त्यांच्यातला फरक नीट ओळखता येत नाही, त्यामुळे मातीत अमोनियम वाढले की विकराच्या कुलपात चुकीची किल्ली जाऊन बसते आणि मिथेन बाहेर ताटकळतो. १९८९ मध्ये हार्वर्ड फॉरेस्टमधल्याच मोजणीत नत्रखत दिलेल्या जंगलखंडांचे मिथेनशोषण सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे दिसले होते. जंगलात कुणी खत टाकत नाही हे खरे, पण वाहनांच्या धुरातून आणि गोठ्यांच्या अमोनियातून नत्र हवेत जाते व पावसाबरोबर जंगलावर उतरते.

आणखी एक भर. २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात असे प्रसिद्ध झाले की झाडांच्या खोडांवरचे सूक्ष्मजीवही हवेतला मिथेन घेतात. अ‍ॅमेझॉन, पनामा, इंग्लंड आणि स्वीडन येथे खोडांवर झाकणे बसवून मोजणी केली, तेव्हा बुंध्यापाशी काही ठिकाणी मिथेन बाहेर येताना दिसला, पण २ मीटरच्या वर खोड तो आत घेत होते. त्या संशोधकांचा जगभराचा अंदाज वर्षाला सुमारे अडीच ते पाच कोटी टनांचा आहे, म्हणजे मातीच्या तोडीचा.

भातखाचर

बुंध्यापाशी मिथेन बाहेर येतो, याचा अर्थ खालच्या ओल्या मातीत तयार झालेला वायू झाड वर आणून सोडते असा असावा. भाताचे रोपही तेच करते. खाचरातला बराचसा मिथेन रोपाच्या पोकळ देठातूनच वर येतो. रेणूताई, तुमच्या कुलूप-किल्लीच्या उदाहरणाने युरियाच्या गोणीकडे पाहण्याची माझी नजर बदलली. शेतात नत्र लागतेच, पण ते बांधावरून पलीकडच्या रानात वाहून जाऊ नये इतके तरी माझ्या हातात आहे.

वनरक्षा

विदर्भात वनखात्याच्या सेवेत ३० वर्षे गेली, आता निवृत्त आहे. आमची जंगले पानझडी आणि कोरडी. बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात विंध्य प्रदेशातल्या अशाच शुष्क पानझडी जंगलांच्या मातीचे मिथेनशोषण मोजले होते आणि तिथेही ओलावा वाढला की शोषण घटते असाच संबंध आढळला. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने कोरड्या असणाऱ्या आपल्या जंगलांचा या हिशेबात वाटा असणारच.

मला एका वेगळ्या गोष्टीविषयी विचारायचे आहे. जंगलातून लाकूड काढताना पूर्वी बैल आणि हत्ती वापरत, आता ट्रॅक्टर आणि त्याहून अवजड यंत्रे येतात. गुरांच्या रोजच्या वाटेवर जमीन पावलांनी इतकी घट्ट होते की पहिल्या पावसाचे पाणी तिच्यावर साचून राहते, हे आम्ही कायम पाहत आलो. तुमच्याकडे तर यंत्रे आणखी जड. त्या जागी मिथेनचे काय होते, हे कुणी मोजले आहे का?

पानझड

मोजले आहे, आणि माझ्या हातूनही मोजले गेले आहे, म्हणून जसे घडले तसे सांगतो.

आमच्या जंगलखंडाच्या कडेने लाकूड ओढून नेणाऱ्या यंत्राची जुनी वाट जात होती. चाकांच्या दोन चाकोऱ्या, मधे गवताचा पट्टा. एका वसंतात आम्ही तीन कडी रोवली: एक चाकोरीत, एक मधल्या पट्ट्यात आणि एक दहा पावलांवर बीचच्या झाडाखाली. झाडाखालचे कडे हाताच्या दाबाने, पोळीच्या कणकेत वाटी रुतावी तसे आत गेले. चाकोरीतले कडे लाकडी ठोकळा ठेवून हातोड्याने ठोकावे लागले. तिथली माती सुरीने कापून पाहिली तेव्हा ती करडी-निळसर होती, तिच्यात गंजाच्या रंगाचे ठिपके होते आणि नाकाशी धरल्यावर तळ्याच्या तळाचा वास येत होता. झाडाखालची माती तपकिरी होती आणि तिला पहिल्या पावसाचा वास होता. अंतर दहा पावलांचे, झाडे तीच, पाऊस तोच.

कुप्यांचे निकाल आले तेव्हा झाडाखालची रेषा नेहमीप्रमाणे उतरत होती. मधल्या पट्ट्यातली कमी उताराची होती. चाकोरीतली रेषा चढत होती. तिथून मिथेन बाहेर पडत होता. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या जंगलांत झालेल्या मोजण्यांमध्येही यंत्राच्या चाकाखाली दबलेली माती शोषण गमावते आणि ओल्या दिवसांत उलट मिथेन सोडू लागते, असेच दिसले आहे. दाब बसतो तो आधी मोठ्या पोकळ्यांवर, आणि हवेची वाहतूक त्याच पोकळ्यांतून होत असते. जीवाणू मरण्याआधी त्यांची वाट बंद होते.

म्हणून इथल्या वनाधिकाऱ्यांनी यंत्रांसाठी ठरावीक अंतरावर कायमच्या वाटा आखल्या आहेत आणि त्या सोडून यंत्र आत घालायचे नाही असा नियम आहे. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे बिघाड तेवढ्याच पट्ट्यांपुरता राहतो. जमीन ओली असताना लाकूड काढायचे नाही, ती गोठली किंवा वाफशावर आली की काढायचे, हीसुद्धा इथली जुनी रीत आहे, पण अलीकडे हिवाळे पुरेसे गोठत नाहीत.

ती चाकोरी किती जुनी असेल, असे मी तिथल्या वनरक्षकाला विचारले होते. गेल्या दोन-तीन वर्षांतली असेल, असा माझा अंदाज होता. त्याने कागद पाहून सांगितले, त्या वाटेवरून शेवटचे यंत्र १७ वर्षांपूर्वी गेले होते.